दुसऱ्या पंगतीतील महाराष्ट्र

खानदेशातील लग्नघरी वरण-बट्टीच्या जेवणास दुसऱ्या पंगतीत बसण्याचा प्रसंग ज्याच्यावर आला असेल, त्यास आजच्या विषयाचे मर्म निराळे समजावून सांगण्याची गरज नाही. स्वयंपाक एकच, वाढपी तेच, यजमानही तोच. पण पहिल्या पंगतीत बट्टीवर तुपाची जी धार पडते ती दुसऱ्या पंगतीस थोडी बारीक झालेली असते, वांग्याच्या भाजीत वांगे कमी आणि रस्सा अधिक असतो, आणि आग्रह करणारा यजमान तोवर पाहुण्यांना निरोप देण्यात गुंतलेला असतो. पोट भरते, नाही असे नाही. मात्र जेवणाऱ्यास मनातून ठाऊक असते की आपण कोणाच्या शेजारी बसलो नाही.

खेळाच्या जगातही अशा पंगती असतात. युरोपातील फुटबॉलमध्ये ही व्यवस्था फार जुनी आहे. वरच्या वर्गात तळाशी राहिलेला संघ पुढील वर्षी खालच्या वर्गात जावयाचा, आणि खालच्या वर्गात अग्रभागी आलेला वर चढावयाचा. इटलीतील पार्मा गावचा संघ एके काळी युरोपातील मोठमोठे करंडक जिंकीत असे. तो २०१५ साली दिवाळखोरीत निघाला आणि एकदम चौथ्या वर्गात जाऊन पडला. तेथून एकेक पायरी चढत २०१८ साली तो पुन्हा पहिल्या वर्गात आला. सलग तीन वर्षे तीन बढत्या! शाळेतील एखाद्या हुशार मुलाने नापास झाल्यावर वर्षाला एक इयत्ता नेमाने ओलांडावी, तसेच हे झाले.

पण पार्मा हा एक क्लब आहे. त्याचे दिवाळे निघू शकते, तो विकला जाऊ शकतो, मोडून पुन्हा उभारला जाऊ शकतो. आपल्याकडे रणजी करंडकासाठी खेळणारा महाराष्ट्राचा क्रिकेट संघ ही वस्तू निराळी. तिचे दिवाळे निघत नाही. फार तर तिच्याकडे दुर्लक्ष होते. आणि जळगाव, धुळे, नंदुरबार या जिल्ह्यांतील मुलास थोरल्या क्रिकेटचा जो दरवाजा आहे तो या संघाचाच. येथे 'महाराष्ट्र' या शब्दाचा अर्थ नकाशातल्याहून वेगळा आहे हे ध्यानात ठेवावे. मुंबईचा संघ निराळा, विदर्भाचा निराळा. उरला तो महाराष्ट्र. त्यामुळे मुक्ताईनगरचा मुलगा महाराष्ट्राचा होतो, आणि तेथून जवळच असलेल्या मलकापूरचा मुलगा विदर्भाचा. कापूस दोघांच्याही शेतात सारखाच पिकतो, पण एकास पुण्याची वाट धरावी लागते आणि दुसऱ्यास नागपूरची. या दोन वाटांची गोष्ट पुढे येईल.

रणजी करंडकाची स्पर्धा १९३४-३५ साली सुरू झाली, आणि महाराष्ट्राने १९३९-४० व १९४०-४१ अशी लागोपाठ दोन वर्षे ती जिंकली. पहिल्या वर्षी पुण्यास संयुक्त प्रांताचा दहा गडी राखून पराभव केला. दुसऱ्या वर्षी मद्रासेस जाऊन मद्रास संघाचा सहा गडी राखून. संघनायक होते प्रा. दि. ब. देवधर. सर परशुरामभाऊ महाविद्यालयात संस्कृत शिकविणारा हा अध्यापक पन्नाशीच्या उंबरठ्यावर होता, आणि त्या वयात त्यांनी १९४०-४१ साली मुंबईविरुद्ध २४६ धावा काढल्या. ज्या वयात माणसे निवृत्तीवेतनाचा हिशेब मांडू लागतात त्या वयात हा गृहस्थ मुंबईच्या गोलंदाजांचा हिशेब चुकता करीत होता. त्याच मोसमात महाराष्ट्राने उत्तर हिंदुस्थानच्या संघाविरुद्ध पुण्यास ७९८ धावांचा डोंगर रचला. आदल्या वर्षी सांगलीच्या विजय हजारे यांनी बडोद्याविरुद्ध नाबाद ३१६ धावा काढल्या होत्या. रणजी करंडकातले ते पहिले त्रिशतक. तेव्हा हजाऱ्यांनी पंचविशीही गाठली नव्हती.

ही दोन वर्षे म्हणजे महाराष्ट्राची पहिली पंगत. त्यानंतर हा करंडक महाराष्ट्राकडे पुन्हा आलेला नाही. हे वाक्य उच्चारताना जड वाटते, पण ते खरे आहे.

असे का झाले याचे एक कारण माणसांत आहे. ज्या बडोद्याविरुद्ध हजाऱ्यांनी ते त्रिशतक काढले, त्याच बडोदे संस्थानच्या आश्रयास ते पुढे गेले आणि त्या संघाचे झाले. नाशिकचे बापू नाडकर्णी महाराष्ट्राकडून रणजीत उतरले. १९६० नंतर ते मुंबईचे खेळाडू होते. मद्रासच्या कसोटीत १९६४ साली सलग २१ निर्धाव षटके टाकणारे नाडकर्णी ते हेच. यात कोणाला दोष देण्याचे कारण नाही. पोटाची सोय जेथे, आणि बरोबरीचे खेळाडू जेथे, तेथे माणूस जाणारच. खानदेशातील किती मुले नोकरीसाठी पुण्या-मुंबईस आणि सुरतेस गेली, याचा विचार केला म्हणजे हजारे आणि नाडकर्णी यांच्या स्थलांतराचे आश्चर्य वाटत नाही. पण संघाच्या दृष्टीने पाहता घर बांधणारे गवंडी शेजारच्या वाड्यावर कामास गेले, एवढे खरे.

आता एका सामन्याकडे वळू. तो १९४८ सालच्या डिसेंबर महिन्यात पुण्यास झाला. महाराष्ट्रासमोर काठेवाडचा संघ होता. काठेवाडचा डाव २३८ धावांत आटोपला. मग कोल्हापूरचे भाऊसाहेब निंबाळकर फलंदाजीस आले, आणि त्यांनी व भांडारकर यांनी दुसऱ्या जोडीसाठी ४५५ धावांची भर घातली. भांडारकर २०५ धावांवर बाद झाले. निंबाळकर खेळतच राहिले. तिसऱ्या दिवशी विश्रांतीची वेळ झाली तेव्हा महाराष्ट्राच्या ८२६ धावा झाल्या होत्या, गडी फक्त चार बाद होते, आणि निंबाळकर ४४३ धावांवर नाबाद होते. त्या काळी प्रथम दर्जाच्या क्रिकेटमध्ये एका डावातील सर्वाधिक धावा होत्या डॉन ब्रॅडमन यांच्या, ४५२. आणखी नऊ धावा म्हणजे बरोबरी. दहा म्हणजे जगाचा विक्रम. दोन-तीन षटकांचे काम.

विश्रांतीनंतर मात्र काठेवाडचा संघ मैदानावर आलाच नाही. राजकोटचे ठाकोरसाहेब त्या संघाचे नायक होते. महाराष्ट्राच्या बाजूने विनंती झाली, थोडीच षटके टाका, मग डाव घोषित करू, असेही सुचविण्यात आले. पण काठेवाडने सामना सोडून दिला. आपल्या संघाविरुद्ध जगाचा विक्रम झाला अशी नोंद राहू नये, हा त्यातील हेतू. नोंद राहिलीच, आणि अधिक वाईट रीतीने राहिली.

या घटनेकडे हळहळीने पाहण्याची रीत आहे, आणि हळहळ योग्यही आहे. परंतु तिच्यात खेळाच्या पंगतीविषयीचे एक सत्य दडलेले आहे. फलंदाजाचा पराक्रम एकट्याचा नसतो. त्यास समोर उभा राहणारा प्रतिस्पर्धी लागतो. प्रतिस्पर्धी कच्चा असला तर धावा होतात, पण त्या धावांचे मोल कोणी विचारीत नाही. आणि प्रतिस्पर्धी निघूनच गेला तर धावाही थांबतात. चारशे त्रेचाळीस धावा काढलेल्या निंबाळकरांना अधिकृत कसोटी सामना एकदाही खेळावयास मिळाला नाही. निवड करणाऱ्यांच्या मनात त्या धावांपुढे 'पण कोणाविरुद्ध?' हा प्रश्न उभा राहिला असेल, असा तर्क करता येतो.

हा प्रश्न किती अपुरा होता, ते त्याच मोसमात दिसून आले. मार्च १९४९ मध्ये पुण्यासच मुंबई आणि महाराष्ट्र यांचा उपांत्य सामना सात दिवस चालला. मुंबईने ६५१ आणि ८ बाद ७१४ धावा केल्या. महाराष्ट्राने ४०७ आणि ६०४. चार डाव मिळून २,३७६ धावा! महाराष्ट्राचा ३५४ धावांनी पराभव झाला, परंतु दुसऱ्या डावात ६०४ धावा काढून हरणारा संघ हा काही दुबळा संघ नव्हे. त्याचे दुर्दैव एवढेच की त्याची गाठ मुंबईशी होती.

आणि ही गाठ सुटणारी नव्हती. रणजी करंडकाची रचना दीर्घकाळ विभागवार होती. पश्चिम विभागात महाराष्ट्र, बडोदे, गुजरात, सौराष्ट्र आणि मुंबई हे संघ, आणि विभागातून पुढे जावयाचा तो एकच. मुंबईने १९५८-५९ पासून १९७२-७३ पर्यंत सलग पंधरा वर्षे करंडक सोडला नाही. त्या काळात पश्चिमेच्या इतर संघांना देशातील दुसऱ्या क्रमांकाचे बळ असते तरीही कागदावर ते विभागातच संपलेले दिसले असते. त्या वेळी वरचा वर्ग आणि खालचा वर्ग असे नाव कोठे नव्हते. तरी पंगत होती, आणि दारात मुंबई उभी होती.

सन १९७०-७१ पासून प्रत्येक विभागातून दोन संघ पुढे पाठविण्याचे ठरले, आणि पाहा, त्याच वर्षी महाराष्ट्र अंतिम सामन्यात पोहोचला! दार उघडताच माणूस आत आला, याचा अर्थ तो इतकी वर्षे दाराशीच उभा होता. समोर पुन्हा मुंबई. मुंबईचे वाडेकर, सरदेसाई, गावसकर हे तिघेही वेस्ट इंडीजच्या दौऱ्यावर गेले होते. सुधीर नाईक यांच्या नेतृत्वाखाली मुंबईचे उरलेले खेळाडू उतरले, आणि तरीही महाराष्ट्र ४८ धावांनी हरला. एवढी मोठी माणसे गैरहजर असताना जे घर चालते, ते घर केवळ मोठ्या माणसांवर चालत नाही, असेच म्हणावयाचे.

पुढील अंतिम सामना बावीस वर्षांनी आला. १९९२-९३ साली लुधियानात पंजाबने महाराष्ट्रास हरवून आपला पहिला करंडक नेला. या दोहोंच्या मध्ये शंतनू सुगवेकर यांची ती खेळी आहे, १९८८-८९ सालची, पुण्यास मध्य प्रदेशाविरुद्ध: नाबाद २९९. तिनशेवी धाव आली नाही. ४४३ आणि २९९ हे दोन्ही आकडे महाराष्ट्राच्या वहीत शेजारी शेजारी ठेवले म्हणजे वाटते, या संघाच्या नशिबात बेरीज आहे, पण शेवटची रेघ ओढणे नाही.

आता खऱ्याखुऱ्या पंगतींकडे येऊ. सन २००२-०३ पासून क्रिकेट नियामक मंडळाने विभागवार रचना मोडली आणि संघांचे दोन वर्ग केले. वरच्या वर्गास 'एलिट' म्हटले आणि खालच्यास 'प्लेट'. एलिट म्हणजे निवडक. प्लेट या शब्दाचा मूळ अर्थ येथे बक्षीस म्हणून द्यावयाचे धातूचे तबक असा आहे. पण आपल्याकडे प्लेट म्हणताच भजी आठवतात, त्यास इलाज नाही. वरच्या वर्गात तळाशी राहील तो खाली, खालच्यात सरस ठरेल तो वर. आरंभी तर खालच्या वर्गातील संघास त्या वर्षी रणजी करंडक जिंकण्याचा मार्गच नव्हता. पुढे नियम पालटले आणि खालून थोड्या संघांना बाद फेरीत येण्याची मुभा मिळाली.

या व्यवस्थेने काय साधले याविषयी मतभेद आहेत. दोन असमान संघांची झुंज लावून तीन दिवसांत ८०० धावा कुटण्यात कोणाचेच हित नाही, हा युक्तिवाद काठेवाडच्या सामन्याची आठवण ठेवणाऱ्यास तरी पटावा. पण दुसरी बाजूही आहे. चांगल्या मुलांची एक तुकडी आणि मागे पडलेल्यांची दुसरी, असे वर्ग पाडले की मागे पडलेल्यांची प्रगती खुंटते, हे कोणताही अनुभवी शिक्षक सांगेल. त्यांना पाहून शिकावे असे कोणी शेजारी उरत नाही. खालच्या वर्गात गेलेला संघ गुण गमावीत नाही. तो प्रतिस्पर्धी गमावतो. आणि त्याच्याकडे पाहणारे डोळे गमावतो.

तरी दुसरी पंगत म्हणजे कायमची शिक्षा नव्हे, हे प्रथम राजस्थानने दाखवून दिले. २०१०-११ साली तो संघ प्लेट वर्गात होता. पहिल्याच सामन्यात त्याने हैदराबादचा डाव अवघ्या २१ धावांत गुंडाळला, आणि शेवटी बडोद्यास मागे टाकून करंडकच जिंकला. ज्या हैदराबादची ही दशा झाली तो संघ स्वतः दोनदा रणजी विजेता होता. चढणारा आणि उतरणारा जिन्यात एकमेकांस भेटतात ते असे.

महाराष्ट्राने त्या दशकात दोन्ही पंगती पाहिल्या. सन २०१२-१३ पासून वर्गांची नावे बदलून अ, ब आणि क असे गट झाले. अ आणि ब हे वरचे, क हा खालचा. क गटातून दोनच संघ पुढे जावयाचे. महाराष्ट्र २०१३-१४ च्या मोसमात या क गटात होता, त्रिपुरा, आसाम, हिमाचल, केरळ, गोवे यांच्या पंक्तीस. देवधरांचा संघ!

त्या हिवाळ्यात खानदेशात नेहमीप्रमाणे भरिताची वांगी बाजारात आली होती, शेताशेतांतून भरीत-पुरीचे बेत चालले होते, आणि वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर महाराष्ट्राच्या विजयाच्या चार-चार ओळी येत होत्या. कोणी फारसे वाचीत नसे. सचिन तेंडुलकर नोव्हेंबरात निवृत्त झाला होता. क्रिकेटविषयी बोलावयाचे ते सारे त्याच्याविषयी बोलून झाले होते. संघनायक रोहित मोटवानी, मार्गदर्शक सुरेंद्र भावे, गोलंदाजीत डावखुरा समद फल्लाह, आणि फलंदाजीत केदार जाधव. जाधवाने त्या एका मोसमात १,२२३ धावा काढल्या. देशात त्या वर्षी इतक्या धावा दुसऱ्या कोणीही काढल्या नाहीत. क गटातून महाराष्ट्र आणि जम्मू-काश्मीर हे दोन संघ वर आले.

उपांत्यपूर्व सामना मुंबईशी, वानखेडे मैदानावर. मुंबईजवळ तेव्हा चाळीस करंडक होते, महाराष्ट्राजवळ दोन. मुंबईने पहिल्या डावात ४०२ धावा केल्या आणि महाराष्ट्र २८० धावांत बाद झाला. येथपर्यंतची कथा जुनीच. १२२ धावांची पिछाडी म्हणजे, सामना अनिर्णित राहिला तरी, मुंबई पुढे जाणार. महाराष्ट्रास जिंकण्यावाचून गत्यंतर नव्हते. मग दुसऱ्या डावात महाराष्ट्राच्या गोलंदाजांनी मुंबईस १२९ धावांत उखडले. विजयासाठी २५२ धावा हव्या होत्या. दोन गडी गेले, आणि त्यानंतर जाधव व जालन्याचा विजय झोल हे दोघे जे उभे राहिले ते विजयी धाव होईपर्यंत हललेच नाहीत. जाधवाचे शतक झाले. झोल ९१ धावांवर नाबाद राहिला. तो तेव्हा एकोणीस वर्षांखालील भारतीय संघाचा नायक होता. जालन्याचा मुलगा मुंबईच्या मैदानावर मुंबईस हरवितो, या घटनेचा अर्थ जळगाव, धुळे, चाळीसगाव, शिरपूर या गावांतील मैदानांवर टेनिसच्या चेंडूने खेळणाऱ्या मुलांस निराळा समजावून सांगावा लागला नाही.

उपांत्य सामना बंगालशी, इंदुरास. धुळ्याहून आग्रा रोडने सेंधव्याचा घाट चढून गेले की इंदूर; खानदेशास ते परके गाव कधीच वाटले नाही. तेथे होळकर मैदानावर बंगालचा पहिला डाव ११४ धावांत संपला, महाराष्ट्राने ४५५ धावा केल्या, आणि दुसऱ्या डावात बंगालने ३४८ धावा काढूनही विजयासाठी केवळ आठ धावांचे काम उरले. दहा गडी राखून विजय. देवधरांच्या संघाने १९४० साली संयुक्त प्रांतास हरविले होते तेही दहाच गडी राखून. योगायोगांना अर्थ नसतो, पण ते नोंदवावेसे वाटतात.

अंतिम सामना हैदराबादेस, कर्नाटकाशी. महाराष्ट्र ३०५, कर्नाटक ५१५, महाराष्ट्र ३६६. कर्नाटकास १५७ धावा हव्या होत्या, त्या त्याने तीन गडी गमावून केल्या. हा पराभव मान्य करण्यास जड नाही. कर्नाटकाचा संघ उघडच सरस होता. दुसऱ्या पंगतीत बसलेला पाहुणा पहिल्या पंगतीच्या अगदी मुख्य पाटापर्यंत आला, आणि पाटावर बसता बसता राहिला, एवढेच. पुढच्या वर्षी महाराष्ट्र वरच्या गटात खेळला आणि उपांत्य सामन्यापर्यंत गेलाही. तेव्हा २०१३-१४ चा पराक्रम ही नुसती वाऱ्याची झुळूक नव्हती.

येथे २०१६ सालच्या ऑक्टोबर महिन्यातील एक प्रसंग सांगावासा वाटतो. वानखेडे मैदानावर दिल्लीविरुद्ध स्वप्निल गुगळे आणि अंकित बावणे यांनी तिसऱ्या जोडीसाठी नाबाद ५९४ धावा जोडल्या: गुगळे ३५१, बावणे २५८. रणजी करंडकात एवढी मोठी भागीदारी पूर्वी झाली नव्हती. आधीचा उच्चांक ५७७ धावांचा होता, आणि तो होता बडोद्याकडून खेळताना हजारे व गुल महंमद यांनी रचलेला. महाराष्ट्र सोडून गेलेल्या हजाऱ्यांचा विक्रम सत्तर वर्षांनी महाराष्ट्राकडे असा परत आला. जगातील सर्वात मोठी भागीदारी संगकारा आणि जयवर्धने यांची, ६२४ धावांची. आणखी तीस धावा झाल्या असत्या तर बरोबरी. पण संघनायक स्वतः गुगळेच होता, आणि त्याने २ बाद ६३५ धावांवर डाव घोषित केला. या वेळी कोणी मैदान सोडून गेले नव्हते. दिल्लीचा संघ उभा होता. त्यास बाद करावयाचे तर वेळ हवा होता. दिल्लीने, ऋषभ पंताच्या ३०८ धावांच्या बळावर, ५९० धावा केल्या आणि सामना अनिर्णित राहिला. निंबाळकरांचा विक्रम प्रतिस्पर्ध्याने हिरावला. गुगळ्याने तो आपल्या हाताने ठेवून दिला. यातील दुसरी गोष्ट पहिलीइतकी प्रसिद्ध झाली नाही, हे काहीसे अन्यायाचे आहे.

आणि नागपूरची वाट? गोंदियाहून कोल्हापुरास जाणारी महाराष्ट्र एक्स्प्रेस नागपूर, भुसावळ, जळगाव, मनमाड, पुणे अशी धावते. तिच्या पूर्वेकडील टोकाचा विदर्भ संघ वर्षानुवर्षे दुसऱ्या पंगतीत होता आणि त्याची कोणी फारशी गणना करीत नसे. त्या संघाने चंद्रकांत पंडित यांच्या मार्गदर्शनाखाली आणि फैज फझलच्या नेतृत्वाखाली २०१७-१८ साली इंदुरास दिल्लीचा पराभव करून पहिला करंडक जिंकला, पुढच्या वर्षी नागपुरात सौराष्ट्रास हरवून तो राखला, आणि २०२४-२५ साली केरळविरुद्ध पहिल्या डावाच्या आघाडीवर तिसरा मिळविला. मलकापूरच्या मुलाने निवडलेली, किंवा त्याच्या वाट्यास आपोआप आलेली, वाट अशी फळास आली. विदर्भाने नागपुरात कोवळ्या वयाच्या मुलांसाठी शिक्षणाची सोय उभी केली आणि वर्षानुवर्षे चालविली, हे त्यामागील कारण अनेकांनी सांगितले आहे. यात मत्सर वाटण्यासारखे काही नाही. थोडा वाटतो, हे मात्र कबूल करावे.

महाराष्ट्र २०१८-१९ च्या मोसमात पुन्हा तळास गेला आणि २०१९-२० साली पुन्हा क गटात आला. या वेळी २०१३-१४ ची पुनरावृत्ती झाली नाही. क गटातून ओडिशा आणि जम्मू-काश्मीर पुढे गेले. महाराष्ट्र मागे राहिला. त्याच वर्षी रणजी करंडक प्रथमच जिंकला सौराष्ट्राने. सौराष्ट्राचा संघ म्हणजे पूर्वीचा काठेवाडच. १९४८ साली पुण्याच्या मैदानावरून जो निघून गेला, त्याचाच हा वारस.

या वारसाशी महाराष्ट्राची गाठ २०२२ च्या डिसेंबरात अहमदाबादेस पडली. स्पर्धा एकदिवसीय सामन्यांची होती, आणि तिचे नाव विजय हजारे करंडक. थोड्याच दिवसांपूर्वी उपांत्यपूर्व सामन्यात ऋतुराज गायकवाडने उत्तर प्रदेशाविरुद्ध एका षटकात सात षटकार मारले होते. त्यांतील एक चेंडू नो-बॉल, म्हणून सात. अंतिम सामन्यातही त्याने शतक केले. पण सौराष्ट्राच्या शेल्डन जॅक्सनने नाबाद १३३ धावा काढल्या आणि पाच गडी राखून करंडक नेला. महाराष्ट्राच्या जुन्या खेळाडूच्या नावाचा करंडक, आणि तोही काठेवाडच्या हाती गेला.

त्यानंतर दोन महिन्यांच्या आतच, जानेवारी २०२३ मध्ये, रणजी करंडकाचा गटातील अखेरचा सामना मुंबईत ब्रेबॉर्न मैदानावर होता. प्रतिस्पर्धी मुंबईच. पहिल्या डावात आघाडी घेणाऱ्यास तीन गुण, न घेणाऱ्यास एक. महाराष्ट्राने ३८४ धावा केल्या. मुंबई एकेका धावेने जवळ येत गेली. तिचा शेवटचा गडी बाद झाला तेव्हा फलकावर दोन्ही बाजूंस एकच आकडा होता, ३८४. आघाडी कोणाचीच नाही. सामना अनिर्णित राहिला आणि मुंबई व महाराष्ट्र या दोघांचीही त्या वर्षाची वाट तेथेच संपली. त्या गटातून आंध्र आणि सौराष्ट्र हे दोन संघ पुढे गेले, आणि फेब्रुवारीत कलकत्त्यास बंगालला हरवून सौराष्ट्राने करंडक दुसऱ्यांदा घरी नेला.